दुसरी खेप

“पहिलंच ना?” कॉम्प्युटरवर टाइप करता करता डॉक्टरांनी विचारलं.

“हां, पयलीच खेप,” राजश्रीच्या आधी तिच्या सासूबाईंनी, मथुराबाईंनी, उत्तर दिलं.

राजश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीवरचं हसऱ्या बाळाचं चित्र बघत होत्या.

“दुसरी,” राजश्री म्हणाली.

“अच्छा. मग मोठं केवढं आहे?”

“मुलगी होती. दिवस भरत आले होते. पोटातच गेली.”

डॉक्टरांची बोटं थांबली. “सॉरी,” ते म्हणाले. “कारण काय सांगितलं होतं?”

“कारण कसलं?” मथुराबाई उसळल्या. “डॉक्टरीणच धड नव्हती. पोर घालवलंन आमचं.”

डॉक्टरांनी राजश्रीला तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले, सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. भला माणूस होता. हॉस्पिटल नवं होतं, माणसं अदबीनं बोलत होती. नाव ठेवायला जागा नव्हती.

बाहेर येताच मथुराबाई म्हणाल्या, “ते कशाला काढलंस गो? झालं ते झालं. आता नव्यानं सुरवात करायची.”

राजश्री मयेकर रत्नागिरीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या, मुलं गेल्यावर गॅसची तोटी बंद आहे ना बघायची. घर खाडीपलीकडे, भाट्याला. नवरा हर्षद तेलाच्या बोटीवर फिटर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. माहेर हेदवीला, पण आई तिच्या लग्नाआधीच गेली होती.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पोटातलं बाळ हललं नाही, तेव्हा ती एकटीच रिक्षा करून तेव्हाच्या तिच्या डॉक्टरांकडे, तेजस्वी मॅडमकडे, गेली होती. त्यांचं छोटं हॉस्पिटल जुन्या गल्लीत होतं. डॉक्टर तिच्या पोटावरून मशीन बराच वेळ फिरवत राहिल्या. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि तिचा हात धरला. बोलण्याआधीच तिला कळलं.

बाळंतपण मात्र सगळं व्हायचंच होतं. कळा आल्या, तशाच, जिवंत बाळासाठी येतात तशा. तोवर पोचलेल्या मथुराबाई दारातून रडत सांगत होत्या, “बघू नको गो बाय. बघितलंस तर जन्मभर डोळ्यांसमोरून जायची नाय.” त्या मायेनंच सांगत होत्या. राजश्रीनं मानही डोलावली होती.

पण दार लागल्यावर डॉक्टरांनी हळू विचारलं, “घ्यायचंय तिला?”

तिनं हात पुढे केले. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. धीर धरा म्हणाल्या नाहीत, घाईही केली नाही.

नंतर दीर ते गुंडाळलेलं बाळ घेऊन गेले. भावकीतल्या माणसांनी हॉस्पिटलात आरडाओरडा केला. डॉक्टर उभ्या राहून ऐकत होत्या. हर्षद बोटीवरून उतरला तेव्हा दोन महिने उलटले होते. घरात त्या मुलीचं कुणी नाव काढत नव्हतं. काढायला नाव तरी कुठं ठेवलं होतं? तिला पाहिलेलं घरात एकही माणूस नव्हतं. राजश्रीला कधी कधी वाटे, आपण सगळं मनानंच रचलंय.

नव्या हॉस्पिटलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तिनं प्रयोगशाळेत बसून हर्षदला फोन लावला.

“मी तेजस्वी डॉक्टरांकडेच जाणार आहे.”

“काय? वेड लागलंय काय तुला?” आवाज तुटत येत होता. “आई सांगत होती, ते नवीन डॉक्टर चांगले आहेत.”

“चांगले आहेत.”

“मग?”

“हर्षद, तू तिला बघितलं नाहीस.”

“मी कुठे होतो ते तुला माहितेय, राजू. मुद्दाम नाही केलं मी.”

“मी कुठं तसं म्हणतेय?”

पुढचं बोलायच्या आत फोन कटला. तिनं परत लावला, लागला नाही. थोडा वेळ ती रिकाम्या बाकांकडे बघत बसली. मग उठून जुन्या गल्लीत गेली.

डॉक्टरांनी तिला लगेच ओळखलं. पोटाकडे पाहून त्या हसल्या नाहीत, जरा घाबरल्यासारख्याच वाटल्या.

“बसा. घरी माहितेय, इकडे आलात ते?”

“नाही.”

“राजश्री, मी सरळ सांगते. नाळेला गाठ पडली होती, ती घट्ट बसली. आधी दिसायला हवी होती का, मी चुकले का, हे मी मोठ्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ते नाही म्हणाले. तरी ते माझ्या मनातून गेलेलं नाही. तुम्ही दुसरीकडे गेलात तर मला वाईट वाटणार नाही. तिकडे सोयी जास्त आहेत.”

“मॅडम, तुम्हाला ती आठवते?”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“आठवते,” त्या म्हणाल्या. “केस कपाळाला चिकटले होते. तुम्ही बोटानं बाजूला केलेत.”

राजश्रीनं तोंडाला पदर लावला. तीन वर्षांत तिच्या मुलीबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि दारात आलेल्या पुढच्या पेशंटला हातानंच थांबायला सांगितलं.

“मग मी तुमच्याकडेच येणार,” राजश्री डोळे पुसत म्हणाली.

“माझ्या अटी आहेत. तारखेपर्यंत थांबायचं नाही. ऑपरेशन नव्या हॉस्पिटलात. मी तिथे येऊन करेन, लहान मुलांचे डॉक्टर हजर असतील. आणि जरा जरी शंका आली तरी यायचं. उगाच आले असं वाटून घ्यायचं नाही.”

मथुराबाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, बोलायच्याच थांबल्या. ताट वाढायच्या, सोलकढी आठवणीनं पुढे ठेवायच्या आणि मागल्या दारी जाऊन बसायच्या. डोंबिवलीहून नणंद नम्रताचा फोन आला: “वहिनी, काही झालं तर आईला सहन व्हायचं नाही हां.” राजश्रीच्या मनात आलं, आणि मी? पण ती म्हणाली, “बरं.”

तपासणीला ती एकटीच जाई. बसमधून पूल ओलांडताना एक हात पोटावर ठेवून बाळ हलायची वाट बघे. हललं की शेजारच्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटे. सांगत नसे. दोनदा ती विनाकारण घाबरून डॉक्टरांकडे धावली. दोन्ही वेळा डॉक्टरांनी ठोके ऐकवले आणि म्हणाल्या, “बरं केलंत आलात.”

ठरल्या दिवशी सकाळी मुलगा झाला. रडला, जोरात रडला. ऑपरेशनच्या टेबलावर, पडद्याअलीकडे, राजश्री तो आवाज ऐकत पडली होती. पडद्यापलीकडे डॉक्टरांचे हात क्षणभर थांबल्याचं तिला जाणवलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत माणसं भरली. नम्रता आली होती, दीर पेढे वाटत होते. मोबाइलच्या पडद्यावर हर्षद डोळे पुसत हसत होता. बाळ कुणासारखं यावर वाद रंगला.

“नाक आपल्या हर्षदचं,” नम्रता म्हणाली.

“कान त्याच्या आजोबांचे,” दीर म्हणाले. “मयेकरांचं पहिलं नातवंड! चेष्टा नाय.”

राजश्री ऐकत होती.

तेवढ्यात तेजस्वी डॉक्टर आत आल्या. माणसं बाजूला झाली, आवाज खाली आले. डॉक्टरांनी टाके पाहिले, बाळावरचं दुपटं जरा खाली केलं आणि थोडा वेळ निरखून बघितलं.

“हनुवटी थेट याच्या ताईची आहे,” त्या राजश्रीला म्हणाल्या.

“हो ना?” राजश्री म्हणाली. “मला कालच वाटलं.”

डॉक्टर गेल्या.

“कुठली ताई?” नम्रतानं विचारलं.

दिरांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला. पडद्यावर हर्षद हसायचा थांबला होता. सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसलेल्या मथुराबाई उठल्या, चष्मा पदरानं पुसला आणि पाळण्यापाशी आल्या. खाली वाकून त्या बाळाची हनुवटी बघत राहिल्या.