सहाव्या घराची चौकट

मुलांनो, समुद्राकडे उतरणारी जपानमधली एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. ओळीने अकरा घरं. आता हातात एक पाटी धरा. तिला सूचनांचा कागद लावलाय: गटारं कधी साफ करायची, उत्सवाचे कंदील कधी टांगायचे. खाली अकरा चौकटी. आपण वाचायचं, आपल्या चौकटीत सहीऐवजी घराचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घरी नेऊन द्यायची. महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला ती अशी गल्लीभर फिरते. अकरावं घर माझं, म्हणून जुने कागद माझ्याकडे राहतात.

ते मागायला पाचव्या घरची चिनात्सु आली. ऑगस्टची दोन तारीख होती. उन्हाळी सुट्टीत प्रत्येक मुलाने मनाजोगता विषय घेऊन त्याचा शोध घ्यायचा असतो. विषयाची चिठ्ठी, घरचा शिक्का मारून, तिला दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायची होती.

"विषय ठरला का गं?" मी विचारलं.

"हो. पाटी सहाव्या घरी का गेली नाही."

सहावं घर मुनेओका आजोबांचं. एकटेच राहायचे. आदल्या दिवशी मीटर बघायला आलेल्या बाईंना त्यांच्या दारात वास आला होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन तीनेक आठवडे झाले असतील.

मी कागद काढून चटईवर मांडले. एक जूनला आजोबांचा शिक्का होता. पंधरा जूनला चौकट कोरी. एक जुलैलाही कोरी, पंधरा जुलैलाही. पहिल्या दोन वेळा आजोबा जिवंत होते, तिसऱ्या वेळी नव्हते. कागदावर तिन्ही चौकटी सारख्याच दिसत होत्या.

"तुमचा शिक्का तर तिन्हींवर आहे, गुरुजी," चिनात्सु म्हणाली. "तुम्हाला कोरी चौकट दिसली नाही?"

"दिसली. वाटलं, रुसलाय म्हातारा."

ती कागद गोळा करून निघाली, आणि मीही तिच्यामागे तिच्या घरी गेलो.

तिची आई सोयाबीनच्या शेंगा निवडत होती. चिठ्ठी वाचून तिने ती उलटी करून ठेवली.

"गोगलगायी घे. मागे ढीगभर आहेत."

"गेल्या वर्षी वर्गातल्या काझुमीने घेतल्या होत्या."

"मग ढग घे! ढगांवरून कुणाला घरोघरी जाब विचारावा लागत नाही." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, तुम्ही तरी सांगा हिला. उद्या शाळेच्या भिंतीवर लागणार हे. गल्लीत तोंड कसं दाखवू मी?"

"तोंड मलाही दाखवायचंय, त्सुगावाबाई."

तिने एक शेंग परातीत टाकली.

"ओरडले होते आजोबा माझ्यावर," ती म्हणाली. "दुपारी बेल वाजवू नका, झोपमोड होते. मग मी पाटी सरळ सातव्या घरी द्यायला लागले. त्यांना त्रास नको म्हणून."

"दुपारी नको म्हणाले ना?" चिनात्सुने विचारलं. "मग संध्याकाळी?"

आईचा हात थांबला.

मला राहवलं नाही. "पोरी, पहिला प्रश्न मला विचार. मी सांगतो सगळं."

"तुमचं घर अकरावं, गुरुजी. मी आमच्या घरापासून ओळीने येणार."

चिनात्सुने चिठ्ठी सुलटी केली आणि शिक्क्याच्या डबीशेजारी ठेवली. आईला शिक्का मार म्हणाली नाही. शेंगांची परात बाजूला सरकवून ती आईसमोर गुडघे मुडपून बसली, वहीचं कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं: घर पाचवं.

"पंधरा जून," ती म्हणाली. "आई, पाटी आपल्याकडे किती वाजता आली?"

आणि पेन्सिल कागदावर टेकवून ती थांबून राहिली.