दोघींचे माप एकच

मित्रांनो, मी एक जुना, बीपी मोजायचा पाऱ्याचा डबा आहे. माझ्या पोटात काचेची नळी, सोबतीला दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि रबरी फुगा. डॉक्टरबाईंच्या टेबलावर वीस वर्षे माझा काय तोरा होता! मग बटणाचे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

एके सकाळी कपाट उघडले. समोर कपडे शिवणारी ताई बसली होती. वय साठीपुढचे, माझ्या जुन्या ओळखीची. तिचे बीपी एरवी गोळीने ताब्यात असायचे. आज नव्या यंत्राने भलताच आकडा दाखवला, बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी माझा पट्टा बांधला. मीही तोच आकडा दाखवला. दाखवताना माझाच जीव खालीवर होत होता.

"ताई, नवीन काही औषध घेताय का?" बाईंनी विचारले.

"छे हो, काही नाही."

सोबत आलेली धाकटी बहीण चुळबुळली. "सांग ना ताई, माझ्या गोळ्या घेतेस ते!"

धाकटीची पाळी नुकतीच थांबली होती. अंगाची लाही लाही व्हायची, म्हणून बाईंनी तपासून तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. तिला छान उतार पडला. या गोळ्यांनी रक्तवाहिन्या तरुण राहतात, असे ताईने कुठेसे ऐकले आणि धाकटीच्या डबीतून रोज एक उचलू लागली.

"आमचं दोघींचं माप एकच आहे हो," ताई ओशाळून म्हणाली. "तिचे कपडे मला बसतात."

"कपडे बसतील, गोळी कशी बसेल? तुमची पाळी थांबून बारा वर्षं झाली, त्यात बीपी, तेही या गोळीनंच चढलं असेल. इतक्या उशिरा सुरू केलं तर रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. पाय दुखतोय?"

ताईची एक पोटरी सुजून लाल झाली होती. "मला वाटलं, मशीन चालवून असेल."

बाईंनी तिला तिथूनच मोठ्या दवाखान्यात धाडले. गुठळी पोटरीतच सापडली, फुप्फुसापर्यंत पोहोचली नव्हती. ताई वाचली. धाकटीच्या गोळ्या मात्र चालूच राहिल्या, बाईंच्या देखरेखीखाली.

महिन्याने ताई सुई-दोरा घेऊन आली आणि तिने माझा उसवलेला पट्टा शिवला. "मापाशिवाय कापडाला कधी कात्री लावली नाही," ती पुटपुटली, "आणि जिवाला लावायला निघाले होते."

मी आता पुन्हा टेबलावर आहे. पण मित्रांनो, मी नुसता आकडा दाखवतो, तो का चढला ते मला कळत नाही. म्हणून घरी आई, आजी, मावशी गोळी घेताना दिसली, तर जवळ जाऊन विचारा, "ही तुझीच आहे ना गं?"