मला राजा म्हणतात

मी संग्रहालयातला दगडी पुतळा बोलतोय. खालच्या फलकावर मी राजा आहे. प्रत्यक्षात मी एका पाथरवटाचा थोरला भाऊ.

खाणीत दरड कोसळून तो थोरला गेला, तेव्हा धाकट्याने त्याच खाणीतल्या दगडातून मला घडवलं. ओझ्याच्या दोराने डाव्या खांद्यावर पडलेला वळसुद्धा त्याने सोडला नाही. पुढे किती शतकं मी मातीखाली होतो, कोण जाणे. विहीर खणताना सापडलो, आणि माझा रुंद, शांत चेहरा पाहून कुणीतरी म्हणालं, हा तर आपला राजा. त्या राजावर लोकांचा फार जीव. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि माझं ठरून गेलं.

एक शिक्षक दर रविवारी मला पाहायला येत. लेकीला कडेवर घेऊन, राजाने दुष्काळात कोठारं कशी उघडली ते सांगत. तीच मुलगी मोठी होऊन इथेच पुतळ्यांची डागडुजी करू लागली. महिनाभर मऊ कुंचल्याने ती माझ्यावरचा मातीचा जुना थर काढत होती. एका दुपारी तिचा हात थांबला. खांद्यावरचा वळ दिसला, कमरेला खोचलेली अर्धी तुटकी छिन्नी दिसली. सिंहासनावर बसणाऱ्याला असा वळ कुठून येणार?

अहवाल लिहिण्याआधी तिने वडिलांना बोलावून सगळं दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मग इतकी वर्षं मी हात कुणापुढे जोडले?"

"एका कष्टकऱ्यापुढे, बाबा. त्यात कमीपणा कसला?"

"तुला नसेल वाटत," एवढंच बोलून ते निघून गेले.

संग्रहालयाच्या साहेबांनी तिला समजावलं, लोक चिडतील, फलक आहे तसा राहू दे. तिने अहवाल मागे घेतला नाही. मग तिला तळघरात धाडलं, फुटकी मडकी जुळवायला. घरी बाबांनी अबोला धरलाय, हे ती पहारेकऱ्याला सांगत होती तेव्हा मी ऐकलं.

परवा ते आले. हात जोडले नाहीत. समोरच्या बाकावर तासभर बसून माझ्या खांद्याकडे पाहत राहिले. निघताना तळघराच्या जिन्यापाशी घुटमळले, कठड्यावर हातही ठेवला. मग बाहेरच्या दाराकडे वळले.

मास्तर, मला राजा म्हणा, पाथरवट म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. माझं काही अडत नाही. पण खाली तुमची लेक एकटी बसलीय. बाराच पायऱ्या आहेत. तेवढ्या उतरा.