काळ्याला नदीत सोडलं

वडगाव रासाईच्या आबांनी आजवर शंभर चुका केल्या असतील, पण सगळ्यांत मोठी केली ती निव्वळ मायेपोटी.

झालं असं. मुलगा संपत कंपनीत पर्मनंट झाला आणि बायको-पोरीला घेऊन कारेगावला खोलीवर राहायला निघाला. नऊ वर्षांच्या धनश्रीचा जीव मात्र अडकला तिच्या माशात. काळ्या म्हणजे टाकीच्या काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा सकर मासा. आणला तेव्हा बोटाएवढा, आता चांगला वीतभर. दहा बाय दहाच्या खोलीत टाकी मावायची कुठं? पोर दोन दिवस धड जेवली नाही. आबांना ते बघवेना. म्हातारी गेल्यापासून त्यांचा सगळा जीव या नातीत, आणि आता तीच चालली होती. म्हणून ती शाळेत गेल्यावर त्यांनी काळ्याला बादलीत घातलं, भीमेवर नेलं, हात जोडले आणि सोडून दिलं. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य, वर नात सुट्टीला आली की नदीवर त्याला हाका मारील! म्हातारा अगदी खुशीत घरी आला.

संध्याकाळी धनश्री दप्तरासकट धावत आली. "आबा, काळ्याला नदीत कवाच सोडायचं न्हाई! रश्मी मॅडमनी आज शिकवलं. टाकीतला मासा नदीत गेला की आपल्या माशांची अंडी खातो, काठाला बिळं पाडतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटत्यात!" आणि मग तिचं लक्ष रिकाम्या टाकीकडं गेलं.

आता, मेला म्हणून सांगायला काय जात होतं? परड्यात पुरला म्हणायचं, झालं. शब्द अगदी ओठांवर आले. पण त्या पोरीशी आबा जन्मात खोटं बोलले नव्हते.

"सोडला, पोरी. सकाळीच."

धनश्री त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. सकाळीसुद्धा तशीच शाळेत गेली. गावच्या शाळेतला तिचा तो शेवटचा दिवस होता. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि थेट वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले. रश्मी मॅडमनी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"पोरांनो, मी धनश्रीचा आजा. आमी धनगर माणसं. बाजारातनं नवं मेंढरू आणलं तर चार दिस येगळं बांधतो, मगच कळपात घालतो. त्याला रोग असला तर सगळा कळप जायचा. एवढं मला कळतंय. आन् नदीवर मात्र बादली उपडी करून आलो. नदीत बी कुणाचा तरी कळप हाय, हे ध्यानातच आलं न्हाई. तुमी आसं करू नगा. मासा जड झाला तर दुकानात परत द्या, मॅडमला इचारा. नदीत न्हाई सोडायचा."

"मग आबा, तुम्हाला शिक्षा काय?" पुढच्या बाकावरच्या पप्पूनं विचारलं. पोरं हसली.

"झाली की," आबा म्हणाले, "नात बोलत न्हाई."

धनश्री बाकावरून उठली आणि हळूहळू पुढं आली.

"आबा, काळ्या तिथं एकटाच हाय न्हवं? एकट्याची पिल्लं होत न्हाईत."

"व्हय गं. एकटाच हाय बिचारा."

"आन् उद्यापासनं तुम्ही बी," ती म्हणाली, आणि भर वर्गात त्यांच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली.