रविवारचं धुणं

हिंटरबाखमध्ये रविवारी कुणी गवत कापत नाही, रिकाम्या बाटल्या काचकचऱ्याच्या कुंडीत टाकून आवाज करत नाही आणि धुण्याचं मशीन तर लावतच नाही. हे कुठल्याशा नियमावलीत लिहिलेलं असेलही. नसतं, तरी ट्रुडी होफरने ते पाळून घेतलंच असतं. स्टेशनमागच्या त्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आणि तळघरात एक धुण्याची खोली. सोमवार ते शनिवार, दर बिऱ्हाडाला एक दिवस. किल्ली एकच. ज्याचा वार त्याची किल्ली, आणि संध्याकाळी जाळीतला कापसासारखा भुगा काढून, फरशी पुसून ती पुढच्याच्या हाती द्यायची. शनिवार होफरांचा. त्यामुळे रविवारभर किल्ली ट्रुडीच्याच घरात, दाराशी खिळ्याला लटकलेली असे.

चाळीस वर्षं ही खोली तिच्या देखरेखीखाली होती. त्यासाठी तिला कुणी नेमलं नव्हतं, पण काढायची हिंमतही कुणाला झाली नव्हती.

ट्रुडी चर्चच्या गायकवर्गात गाते. रविवारी नऊला निघते, बाराला येते. त्या फेब्रुवारीत एका रविवारी ती परतल्यावर सहज खाली डोकावली, तर तिने काल कोरड्या पुसलेल्या मशीनच्या दाराच्या रबरात पाणी. तिने कॅलेंडरवर तारीख लिहिली. मार्चमध्ये पुन्हा तेच, पुन्हा तारीख. तिसऱ्या खेपेला ऑर्गनवाल्या बाई आजारी पडल्या, तालीम लवकर सुटली, आणि तळघराच्या जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वलबोना क्रास्निची समोर आल्या. हातात झाकलेली टोपली.

"क्रास्निचीबाई, आज रविवार आहे," ट्रुडी म्हणाली.

"हो होफरबाई. चुकलंच माझं," असं म्हणून त्या भराभर वर निघून गेल्या. कारण नाही, सबब नाही.

महिन्याभराने ग्रामपंचायतीचा कागद आला. श्रीमती क्रास्निची यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. शेजारी या नात्याने आपले मत कळवावे. ट्रुडीने चष्मा पुसला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: स्वभाव मनमिळाऊ. जिन्यात आवाज नाही. मात्र पुढील तीन रविवारी मशीन वापरले. किल्ली आमच्या घरी असल्याने त्यांनी परवानगीविना दुसरी किल्ली करून घेतली असावी. खाली तारखा. खोटं बोलायचा तिला मनापासून तिटकारा होता, आणि पाकीट चिकटवताना आपण नाकासमोर चालणारी बाई आहोत याचं तिला बरंच समाधान वाटलं.

जूनच्या ग्रामसभेची पुस्तिका घरोघर आली तेव्हा ट्रुडी आणि तिचा नवरा नोल्डी न्याहारी करत होते. नोल्डी गावचा पोस्टमन. तीस वर्षं बर्फात सायकल हाणलेला माणूस. जानेवारीत प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून जरा गप्प असायचा. त्याने पुस्तिका उघडली आणि वाचून दाखवली. विषय पाच, मतदानासाठी: श्रीमती क्रास्निची यांचा नागरिकत्वाचा अर्ज. समितीचं म्हणणं, तीन वर्षांनी पुन्हा पाहावं. इमारतीचे नियम आणि शेजारपण यांची पुरेशी जाण दिसत नाही. किल्लीबद्दल विचारले असता खुलासा केला नाही.

"तीन वर्षं?" नोल्डी म्हणाला. "एका मशीनपायी?"

"तीन रविवार," ट्रुडीने दुरुस्त केलं. "आणि चोरटी किल्ली."

"चोरटी नव्हती."

"तुला काय ठाऊक?"

नोल्डीने पाव खाली ठेवला. "मी दिली होती."

मग तो खिडकीकडे बघत बोलत राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही. एरवी तो कसंबसं निभावून न्यायचा. रविवारी ट्रुडी गेली की पुन्हा डोळा लागायचा, आणि जाग यायची ती ओल्या अंथरुणात.

"पहिल्यांदा चादरीचा बोळा घेऊन जिन्यात उभा होतो. ती कामावरून येत होती. वृद्धाश्रमात रोज तेच करते ना. म्हणाली, द्या इकडे. धुतली, वाळवली, अंथरूनसुद्धा दिली."

"तुला मशीन लावता येत नव्हतं?"

"ट्रुडे, चाळीस वर्षांत त्या खोलीत तू मला पाऊल टाकू दिलं आहेस का?"

"मग मला सांगायचं होतंस!"

"तू कॅलेंडरवर लिहिलं असतंस," नोल्डी म्हणाला.

ट्रुडीने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. कॉफी तशीच राहिली. आपल्याच घरातली किल्ली, आपल्याच घरची चादर, आणि आपणच त्याच्या तारखा लिहून वर सही ठोकली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी ती अर्धा गाजराचा केक घेऊन वर गेली. काय म्हणून केक नेला, तिलाच ठाऊक. वलबोनाबाई भोपळी मिरच्या भाजत होत्या. त्यांची बोली ऐकली की ट्रुडीला नेहमी गंमत वाटे. आश्रमातल्या म्हाताऱ्यांकडून शिकल्यामुळे त्या तिच्या आजीसारख्या बोलत.

"या होफरबाई, बसा घडीभर. हात माखलेत माझे."

"तुम्ही समितीला का सांगितलं नाहीत?" ट्रुडीने उभ्याउभ्याच विचारलं.

वलबोनाबाईंनी गॅस बारीक केला. "सांगितलं वाटतं तुमच्या यजमानांनी. मी शब्द दिला होता हो. रडले होते ते त्या दिवशी."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ट्रुडीने नोल्डीला रडताना पाहिलं नव्हतं.

"पण तुमच्या आई..." वलबोनाबाईंची आई कोसोवोत, पेया गावी, शहाऐंशीची, एकटी. तिच्याजवळ वर्षभर जाऊन राहायचं होतं. पण परदेशी माणसाने सहा महिन्यांवर देशाबाहेर राहिलं की इथला परवाना जातो, आणि मग एकोणीस वर्षं मांडलेला संसार दाराबाहेरून बघायचा. म्हणून हा अर्ज. हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. ट्रुडीलाही, पत्र लिहिताना, माहीत होतं.

"आईला फोन केला, म्हटलं तीन वर्षं दम धर. म्हणाली, बघते प्रयत्न करून." वलबोनाबाई हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही.

"मी सभेत सांगते सगळं."

"अजिबात नको! पोस्टमन माणूस. प्रत्येक घरात ओळख. उद्या ते बेकरीत गेले तरी लोकांना आधी चादर दिसायची. जीव देतील ते. तुम्ही काही बोलू नका, होफरबाई. मला कबूल करा."

आणि ट्रुडीचा जीव भांड्यात पडला. अगदी खरंखरं, आतून हलकं वाटलं तिला. "बरं," ती म्हणाली, आणि जिना उतरली. आपल्या दाराशी पोचेपर्यंत तिला त्या हलकं वाटण्याचीच इतकी शरम वाटू लागली, की ती किल्ली लावायची सोडून पायपुसण्यावर नुसती उभी राहिली. त्या बाईचं आयुष्य तीन वर्षं अडकलं होतं, आणि हिला सुटल्यासारखं वाटत होतं.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत, संध्याकाळी साडेसातला. शंभरेक माणसं. गावचा अध्यक्ष बेआट ग्राबर, धंद्याने खाटीक, आवाजाला माइक लागत नाही. गटाराचे पाइप झाले, शाळेचं छप्पर झालं. विषय पाच आल्यावर वलबोनाबाई रिवाजाप्रमाणे बाहेर गेल्या. मतदान होईपर्यंत अर्जदाराने मुलांच्या दप्तरांच्या खुंट्यांपाशी थांबायचं असतं. निळा कोट घातला होता त्यांनी, इस्त्री केलेला.

"समितीचं म्हणणं तुम्ही वाचलंय," ग्राबर म्हणाला. "कुणाला काही बोलायचंय?"

कुणाला काही बोलायचं नव्हतं. ट्रुडी पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठली. नोल्डीने तिचा झगा ओढला, अगदी हळूच. ती बसली नाही.

"ते पत्र माझं आहे. ते मी मागे घेते."

"का बरं? खोटं आहे का?"

"तारखा खऱ्या आहेत. पण दुसरी किल्ली नाही. किल्ली आमच्या घरची आणि धुणंही आमच्या घरचं."

खुर्च्या करकरल्या. होफरांच्या घरात माणसं दोनच, हे सगळ्या गावाला ठाऊक. माना नोल्डीकडे वळायला लागल्या. तो बुटांकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"माझं," ट्रुडी घाईने म्हणाली. "माझं धुणं. मला आताशा लघवी आवरत नाही. अंथरूण भिजतं. क्रास्निचीबाईंनी चादरी धुऊन दिल्या, आणि कुणाला सांगितलं नाही."

मागून कुणीतरी खोकलं. ग्राबरने चष्मा कपाळावर चढवला. "ट्रुडी, मला समजत नाही. त्यांनी तुझं धुणं धुतलं, आणि तू त्यांच्यावरच तक्रार केलीस?"

याचं उत्तर तिने ठरवून आणलं नव्हतं. खोटं बोलताना पुढचा प्रश्न येतो, हे तिला कुठून माहीत असणार? शंभर माणसं वाट बघत होती. त्यांतल्या निम्म्यांना तिने कधी ना कधी कुठला ना कुठला नियम शिकवला होता.

"हो," ती म्हणाली. "केली."

एवढंच. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटण्याची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि व्यायामशाळेची फरशी चांगली पक्की होती.

हात वर झाले. अर्जाच्या बाजूने एक्क्याऐंशी, विरुद्ध अकरा. नोल्डीनेही हात वर केला, मान मात्र वर केली नाही.

वलबोनाबाईंना आत बोलावलं तेव्हा टाळ्या झाल्या. त्या दारातच थबकल्या. त्यांनी नकारासाठी चेहरा तयार करून आणला होता. मग नेहमीप्रमाणे बाकांवर पांढरी वाइन आणि चीजचे तुकडे मांडले गेले. ट्रुडीने वाइनला हात लावला नाही. लोक तिला बघून जरा जास्तच प्रेमाने मान हलवत होते. बेकरीवाली तर येऊन कानात म्हणाली, "माझ्या बहिणीलाही आहे गं, चांगले पॅड मिळतात."

पंधरा मिनिटांनी वलबोनाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं. ट्रुडीला वाटलं, आता त्या हात धरतील. तसं वाटून घेतलं, हे ती नंतर स्वतःशी कबूल करणार होती.

"मी म्हटलं होतं ना, बोलू नका," वलबोनाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"पण नोल्डीचं नाव नाही घेतलं मी. आणि आता तुम्हाला आईकडे जाता येईल!"

"जाता येईल. त्याबद्दल मी आभारी आहे, होफरबाई, खरंच. पण आत येताना तिघांनी माझा हात दाबला, आणि तिघांनीही चादरीचंच नाव काढलं. एकोणीस वर्षं इथं राबले, कर भरला, त्यांच्या आईबापांना माझ्या हातांनी भरवलं. त्यावर तीन वर्षं थांबा म्हणाले. आणि तुमचं अंथरूण धुतलं म्हटल्यावर लगेच आपली म्हणाले." त्यांनी कोटाची बाही सारखी केली. "मला तसं नको होतं."

ट्रुडीने तोंड उघडलं. माफ करा, एवढे दोन शब्द होते, तेही जिभेवर आले होते. तेवढ्यात ग्राबर दोन्ही हातांत ग्लास घेऊन दोघींच्या मध्ये येऊन ठेपला.

"वलबोना! आता तू आमची. आता अगंतुगं!" एक ग्लास त्याने त्यांच्या हातात कोंबला आणि सगळ्या व्यायामशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पण एक सांगून ठेवतो, आमच्या घरच्या चादरी सोमवारी हं! रविवारी नाही चालायच्या!"

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. वलबोनाबाईही हसल्या, एकोणीस वर्षांत त्यांना ते चांगलं जमायला लागलं होतं. नोल्डी भिंतीपाशी उभा राहून हसला.

आणि गाव हसतंय म्हटल्यावर ट्रुडीही हसली.