सही जुळत नाही

व्हिसा कचेरीत खिडकीमागच्या कारकुनाने तीन कागद शेजारी शेजारी मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सही जुळत नाही म्हणून सांगितलं. मामांच्या पासपोर्टवरची सही आणि लिफ्टच्या रजिस्टरांमधली सही अगदी एकसारखी होती. मामांनी आत्ता त्याच्या डोळ्यांदेखत केलेली मात्र तिसरीच दिसत होती. माणूस सभ्य होता. त्याने आम्हाला खोटारडे म्हटलं नाही, फक्त गुरुवारी परत या म्हणाला. गुरुवार हा मुदतीचा शेवटचा दिवस होता.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मामा तिथले फोरमन, मी गाडीचा ड्रायव्हर आणि डॉक्टर हेल्पर. डॉक्टर हे आमचं टोपणनाव. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून तो ऐकतो, आणि बेअरिंग अजून किती दिवस टिकेल ते सांगतो. आजवर त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलेलं नाही. त्याची बायको ही मामांची सख्खी भाची. मामांनीच त्याला या परमुलखात आणलं. तेव्हा जागा हेल्परचीच होती. “एकदा आत शिर, मग बघू,” असं मामा म्हणाले होते. ते ‘मग’ उजाडायला नऊ वर्षं लागली.

इथे माणसाची पत व्हिसावरच्या एका शब्दावर ठरते. हेल्परला बायकोमुलं आणता येत नाहीत, तंत्रज्ञाला येतात. डॉक्टरची मुलगी आता दहा वर्षांची आहे आणि बाप तिला दोन वर्षांतून एकदा, महिनाभर भेटतो. आता दुसऱ्या एका कंपनीने त्याला तंत्रज्ञ म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्या इंजिनियरने बंद पडलेली लिफ्ट त्याच्यापुढे टाकली, याने अर्ध्या तासात ती चालू केली. हातात कसब होतं, अडलं होतं कागदावर. तंत्रज्ञाचं काम पाच वर्षं केलंय असं फोरमनने लिहून द्यायचं, सही खिडकीसमोर करायची आणि सोबत रजिस्टरांच्या प्रती जोडायच्या. जुना व्हिसा संपायच्या आत हे झालं नाही, तर नव्या कंपनीतही हेल्पर म्हणूनच जायचं आणि वर्ग बदलायला आणखी दोन वर्षं थांबायचं.

आणि त्या रजिस्टरांमध्येच सगळी मेख होती.

सहा वर्षांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरायला लागला. लिफ्टच्या पॅनेलमध्ये बोटभर जागेत तारा जोडायच्या असतात, तिथे असा हात काय कामाचा? कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांना घरी धाडलं असतं. तेव्हापासून मामांचं सगळं काम डॉक्टर करू लागला. पण काम झालं की रजिस्टरात फोरमनची सही लागते, हेल्परची चालत नाही. मामांची सही तर मुंगीच्या पायांसारखी उमटायला लागलेली. मग डॉक्टरने त्यांचा पासपोर्ट समोर ठेवला, दोन दिवस गिरवलं आणि ती सहीसुद्धा उचलली. सहा वर्षं गावभरच्या लिफ्टच्या रजिस्टरांत मामांची झोकदार सही पडत होती आणि एकही मामांनी केलेली नव्हती. यात आपण काही चुकतोय असं आम्हा तिघांनाही कधी वाटलं नाही. लिफ्ट चालत होत्या, माणसं वर-खाली जात होती. कुणाचं काय बिघडलं होतं?

बाहेर आल्यावर मी डॉक्टरला म्हटलं, सरळ खरं सांगून टाक. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला.

“खरं म्हणजे काय सांगू? सहा वर्षं खोट्या सह्या केल्या म्हणून? मला परत पाठवतील ते पाठवतील. मामांचे चार महिने राहिलेत रिटायर व्हायला. त्यांना कशाला त्यात ओढू?”

हात थरथरतो असा दवाखान्याचा दाखला जोडावा म्हटलं, तर रजिस्टरातली गेल्या आठवड्यातली सही सरळ कशी, याला उत्तर नव्हतं. गाडीपाशी पोचल्यावर मामा म्हणाले, “जावईबापू, मला शिकव.”

“काय?”

“माझी सही.”

चार दिवस संध्याकाळी, कामावरून आलं की आमच्या खोलीत शाळा भरली. जुन्या वर्तमानपत्राच्या समासात मामा आपलंच नाव गिरवत आणि डॉक्टर पहिलीच्या मास्तरासारखा शेजारी बसे. स्वतःच्याच सहीत नापास झालेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि तसं बोलूनही गेलो. मामाच सगळ्यात जास्त हसले. शेवटचा फाटा कुठून ओढतोस, पेन उचलतोस की तसाच फिरवतोस, असं ते बारकाईने विचारत. डावा हात मनगटावर दाबून बघितला, कोपर उशीवर टेकवून बघितलं. बुधवारी एक सही अशी हुबेहूब उतरली की डॉक्टरने तो कागद उजेडाकडे धरला. मग मामांनी तशीच आणखी एक काढायचा प्रयत्न केला, अंधार पडेपर्यंत केला. पण ती परत आली नाही.

खरं सांगायचं तर मला मामांचा राग यायचा. त्यांच्यापायी एका चांगल्या कारागिराचं आयुष्य रखडलं, असं मी मनात म्हणायचो. त्या चार दिवसांत तो राग कुठल्या कुठे गेला.

गुरुवारी कारकुनाने मामांना तीन वेळा संधी दिली. पहिली सही फाट्यावर अडखळली, दुसरी तिच्याहून वाईट. तिसऱ्या वेळी मामांनी पेन इतकं घट्ट धरलं की नखं पांढरी पडली, पण कागदावर टेकवलंच नाही. रांगेतले लोक मागून चुळबुळ करत होते. डॉक्टरने हळूच त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

“राहू द्या, मामा.”

मग त्याने कारकुनाकडून दुसरा फॉर्म मागून घेतला आणि हुद्द्याच्या रकान्यात हेल्पर लिहिलं.

परतताना डॉक्टर माझ्या शेजारी आणि मामा मागच्या सीटवर होते. सिग्नलला थांबलो तेव्हा डॉक्टरचा फोन वाजला. बायको होती. त्याच्या फोनचा कानाशी येणारा आवाज बंद पडलाय, त्यामुळे तो स्पीकरवरच बोलतो. मागे मामा आहेत हे त्याने सांगायच्या आधीच तिने विचारलं, “झालं का हो?”

“नाही झालं.”

ती म्हणाली, “बरं. तिच्या शाळेचा दाखला काढून ठेवलाय, उद्या परत नेऊन देते. तुम्ही जेवलात का?”

“जेवेन आता.”

“आणि ऐका. मामांना काही बोलू नका. त्यांनाच जास्त लागलं असेल.”

डॉक्टर फोनकडे बघत राहिला. “नाही बोलणार,” एवढंच म्हणाला. मी आरशात पाहिलं. मामांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते आणि शाळेतल्या मुलासारखे ते ताठ बसले होते. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा मी गाडी काढली.