डेल्मर कुचेराचा काटा

डेल्मर कुचेरा खोटं बोलायचा नाही. फक्त खऱ्याला खाऊपिऊ घालून जरा गुबगुबीत करायचा. एका हिवाळ्यात म्हणे एवढी थंडी पडली, की कुस्तीच्या पंचाची शिट्टी हवेतच गोठली. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा ती भर रविवारी, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना वाजली, आणि तीन म्हातारे पहिलवान झोपेतून ताडकन उठून वाकून उभे राहिले. ऐकणारा विचारायचा, "तीनच?" डेल्मर म्हणायचा, "चौथा बहिरा होता."

वजनाच्या बाबतीत मात्र तो एक दाणा इकडचा तिकडे करत नसे. बर ग्रोव्ह गावाबाहेर धान्याचं मोठं कोठार आहे. तिथल्या वजनकाट्यावर त्यानं अडतीस वर्षं काढली. मक्याचे ट्रक यायचे, भरलेले तोलायचे, रिकामे झाले की पुन्हा तोलायचे. सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी काटा शून्यावर उभा आहे का ते बघायचं, मग कॉफी. अडतीस वर्षांत एकही शेतकरी त्याच्याशी भांडला नाही. आणि आयोवातला शेतकरी म्हणजे पावसाशीसुद्धा भांडणारा प्राणी.

निवृत्त झाल्यावर त्याला दोन उद्योग उरले. बायकोची, आर्डिसची, बोलणी खाणं, आणि बर ग्रोव्ह कॉलेजच्या कुस्ती संघामागं हिंडणं. नोव्हेंबरात पहिली लढत लागली, की मार्च उजाडेपर्यंत नवराबायको पिकअपमध्येच राहायची म्हणा ना. बर्फ असो, वादळ असो, समोर फक्त अडीच प्रेक्षक असोत. आर्डिसचा गुडघा कामातून गेला होता, गळा मात्र शाबूत होता.

"झोपलाय बघा तो," ती तिसऱ्या रांगेतून ओरडायची. "पंच, त्याला पांघरूण द्या."

"आर्डिस, तो आपल्याच संघाचा पोरगा आहे."

"मग दोन द्या."

संघाला डेल्मरचा खरा उपयोग होता तो काट्याचा. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं दवाखाना मोडला, तेव्हा डेल्मरनं तिथला उभा काटा उचलून आणला. पितळी दांडी, तिच्यावर सरकती वजनं, खाली उभं राहायची फळी. संघ बाहेरगावी निघाला, की काटा गोधडीत गुंडाळून पिकअपच्या मागं. कोच बिल्स्टनकडं विजेवरचा नवा काटा होता, पण तो बसच्या पोटात सामानाखाली पडलेला असायचा. कोण काढतो? डेलचा काटा आहे ना.

कुस्तीतल्या पोरांचं सगळं आयुष्य त्या दांडीवर टांगलेलं असतं. ज्या वजनगटात नाव, त्याच्यावर अर्धा पाव जरी भरलास, तर गादीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून वजनाच्या दिवशी पोरं उपाशी, तहानलेली, ओठ फुटलेले. आणि उपाशी माणसाला काय ऐकावंसं वाटतं? खाण्याच्या गोष्टी. हा त्या संघाचा रिवाजच पडून गेला होता: पहाटे काट्यापुढं टॉवेल गुंडाळून रांग लावायची, आणि डेल्मरनं जेवणावळी वाढायच्या.

या सगळ्यांत डेल्मरचा जीव होता ईस्टन नूटसनवर. चौथ्या वर्षाचा, एकशे तेहतीस पौंडांचा पोरगा. एरवी भरायचा एकशे अठ्ठेचाळीस; हंगामात त्याची फक्त हाडं आणि सुजून मुडपलेले दोन कान उरायचे. मागच्या वर्षी विभागीय स्पर्धेत एका गुणानं चौथा आला. राष्ट्रीय स्पर्धेला जातात पहिले तीन. त्या दिवशी तो जिमच्या जिन्याखाली तासभर बसून होता आणि डेल्मर दोन पायऱ्या वर. यंदा त्यानं सव्वीस कुस्त्या मारल्या, दोन हरल्या. राष्ट्रीयला जायचं तर याच वर्षी. पुढं तो कुठल्यातरी शाळेत गणित शिकवणार होता. कॉलेज संपलं, की यांची कुस्ती संपते.

विभागीय स्पर्धा यंदा विस्कॉन्सिनात, नदीकाठच्या एका गावात होती. शेवटचे चाळीस मैल रस्ता असा, की आर्डिस म्हणाली, "डेल, माझी कवळी मागच्या काउंटीत राहिली." मागं गोधडीत काटा आपटत होता. तो आवाज दोघांनीही ऐकला.

पहाटे साडेपाचला मोटेलच्या खोलीत डेल्मरनं काटा उभा केला. बाहेर बारीक बर्फाळ पाऊस. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मिस्टर के, तो कोलाचेवाला सांगा."

"कोण, ऑटो ब्लाहा?" डेल्मर म्हणाला, आणि निघालाच. "दोनशे ऐंशी पौंडांचा गडी. चर्चच्या जत्रेत बायकांनी कोलाचे मांडले होते. गोल गोड पाव, जर्दाळूचे, खसखशीचे, कडेनं लोणी झिरपणारे. ऑटो म्हणाला, चव बघतो. चौदा ताटं झाली तरी चव त्याला समजेना. पाद्री येऊन म्हणाला, ऑटो, लेकरा, बाकीच्यांसाठी ठेव. ऑटो म्हणाला, फादर, मी बाकीच्यांच्या वतीनंच खातोय."

पोरं हसली. एकानं डोळे मिटून घेतले होते. डेल्मर बोलता बोलता एकेकाला फळीवर घेत होता आणि बोटानं वजनं सरकवत होता. रिकामी फळी, वजनं शून्यावर, दांडी मधोमध तरंगते का: एवढं बघायला चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत ऑटो ब्लाहा पंधराव्या ताटाकडं वळला होता.

ईस्टन फळीवर चढला. दांडी तरंगली.

"एकशे तेहतीसला पाव पौंड कमी," डेल्मर म्हणाला.

"पाव कमी?" ईस्टननं ओठ चाटले. कालच्या दुपारपासून त्याच्या घशाखाली थेंब नव्हता. "मग घोटभर पाणी…"

"दोन घे. तेवढी जागा आहे."

पोरानं दोन घोट घेतले. गिळायच्या आधी तोंडात घोळवले. डेल्मरला ते बघून बरं वाटलं.

रस्त्यावर बर्फाची काच झाली होती. बस गोगलगायीच्या चालीनं गेली आणि वजनाचं टेबल बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचली. तिथल्या काट्यावर आधी चाचपून बघायला कुणाला सवडच मिळाली नाही. पोरं कपडे काढतच आत धावली. डेल्मर दारात उभा राहिला.

टेबलामागचा माणूस म्हणाला, "एकशे तेहतीस पूर्णांक तीन."

ईस्टन उतरला. चड्डी काढून पुन्हा चढला. श्वास सोडला.

"एकशे तेहतीस पूर्णांक तीन. दुसरा काटा आहे, त्यावर बघ."

दुसऱ्यानंही तेच सांगितलं. टेबलामागच्या माणसानं घड्याळाकडं पाहिलं आणि यादीतल्या एका नावावर रेघ मारली. तो काही वाईट माणूस नव्हता. रेघ त्यानं हळूच मारली.

कोच बिल्स्टननं ईस्टनला भिंतीकडं ओढलं. "किती प्यायलास?"

"दोन घोट. मिस्टर केंच्या समोर."

"दोन घोटांचं एवढं भरत नाही. डेलच्या काट्यावर पाव कमी होतास तू. बसमध्ये प्यायलास?"

"नाही, कोच."

"चार वर्षं, ईस्टन. चार वर्षं घासलीस, आणि शेवटच्या सकाळी बाटली लांब ठेववली नाही तुला?"

ईस्टन टॉवेल धरून उभा होता. "मी नाही प्यायलो," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "बसमध्ये डोळा लागला होता. झोपेत प्यायलो असेन का?"

हे डेल्मरनं ऐकलं. पोरगं स्वतःवर संशय घ्यायला तयार होतं, पण त्याच्या काट्यावर नाही.

तो बाहेर आला. पिकअपचं फळकूट पाडलं, गोधडी सोडली, काटा तिथंच उभा केला आणि वजनं शून्यावर आणली. दांडीचं टोक खाली जाऊन बसलं. त्यानं टिचकी मारली; ते उठलं आणि पुन्हा बसलं. दांडीच्या शेपटाकडचा छोटा स्क्रू आपटून आपटून फिरला होता. जवळजवळ अर्ध्या पौंडाचा फरक. पहाटे कळलं असतं, तर पोरानं लोकरीचे कपडे चढवून जिन्यावर वीस मिनिटं धावून तेवढं घामात काढलं असतं. हसत हसत.

आर्डिस काठी टेकत मागून आली. तिनं दांडी पाहिली. तिचीही अडतीस वर्षं त्या धंद्यातच गेली होती, कोठारावर न जाता.

"तू शून्य बघितलं नाहीस," ती म्हणाली.

"गोष्ट सांगत होतो."

तिनं गोधडीचं टोक उगाचच झटकलं. "स्क्रू फिरव, डेल. गुंडाळून ठेव. कुणाला कळणार आहे? तो तरुण आहे, विसरेल. तुला आपल्या गावातच मरायचंय."

जन्मभर ज्या बाईनं त्याची एकही थाप खपवून घेतली नव्हती, ती आज त्याला थाप मारायला सांगत होती. डेल्मरनं तिच्या गालावरचं बर्फाचं पाणी अंगठ्यानं पुसलं आणि आत गेला.

संघ बाकांपाशी बसला होता, सगळे एकदम शांतपणे केळी खात. डेल्मर सगळ्यांसमोर उभा राहिला. "कोच, पोरगा खरं बोलतोय. काटा चुकला होता. मी शून्य बघितलं नाही."

कुणीतरी चावायचं थांबलं. कोच त्याच्याकडं बघत राहिला, मग टेबलाकडं धावला. लांबून त्याचे हात दिसत होते, आणि टेबलामागच्या माणसाची नकारार्थी मान. परत आला तेव्हा कोच आधी ईस्टनकडं गेला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. मग डेल्मरकडं न बघताच म्हणाला, "डेल, तू जरा तिकडं वर जाऊन बस."

ते दोघं वर जाऊन बसले. खाली गाद्यांवर शिट्ट्या वाजू लागल्या. आर्डिस दिवसभर एकदाही ओरडली नाही. बर ग्रोव्हचे दोन गडी हरले, एक जिंकत पुढं गेला. डेल्मरला धड दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्त्या लागल्या, तेव्हा ईस्टन पायऱ्या चढून वर आला. आर्डिसनं सरकून जागा केली आणि मांडीवरचं हॅमचं सँडविच न विचारता त्याच्या हातात दिलं. ईस्टन खाऊ लागला. खाली एकशे तेहतीस पौंडांचा गट होता. त्यात जो जिंकत होता, त्याला ईस्टननं यंदा दोनदा पाडलं होतं. सात मिनिटं संपली. त्या पोराचा हात वर झाला आणि त्याचा बाप कठड्यावरून उडी मारून खाली धावला.

ईस्टननं सँडविच गुडघ्यावर ठेवून टाळ्या वाजवल्या. "वाजवा, मिस्टर के. चांगला लढला तो."

डेल्मरनं हात एकमेकांवर टेकवले. आवाज आला नाही.

"बेटा," तो म्हणाला, "मी…"

"काल सांगितलंत ना." ईस्टन खाली बघत होता. "कोच म्हणाला, सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. मी म्हटलं, नसतं चाललं. मी जन्मभर त्या बसमधल्या झोपेचा विचार करत बसलो असतो." त्यानं घास गिळला. त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते पुसले नाहीत. "पण मला राग आलाय तुमचा. तो जाणार नाही लवकर."

"जाऊ नये," डेल्मर म्हणाला.

खाली दुसऱ्या गटाची जोडी गादीवर आली.

"माझी शेवटची कुस्ती मग कुठली धरायची?" ईस्टननं विचारलं. "दोन आठवड्यांमागची? आपल्याच जिममधली?"

"हो. तो लाल केसांचा."

"दीड मिनिटात चीत केला मी त्याला. घाई होती. घरी आई जेवायला थांबली होती." तो हसायला गेला आणि जमलं नाही. "शेवटची आहे हे माहीत असतं, तर लांबवली असती जरा. सांगा ना ती. तुम्ही सांगता तशी. वाढवून."

डेल्मरला ती कुस्ती श्वासागणिक आठवत होती. त्यानं घसा साफ केला. पंचानं हात खाली केला, लाल केसांचा पोरगा उजव्या पायानं पुढं आला, ईस्टन खालून शिरला, दोन्ही मांड्या कवेत, उचल, वळसा, खांदे गादीला. आर्डिस मान खाली घालून ऐकत होती. ईस्टन वाट बघत होता. पण दीड मिनिटाच्या पुढं डेल्मरला वाढवायला काही सुचेना.